जॅकप्लेट घेण्याआधी टेप आणि पाणसळ हातात घ्या

मी अलाबामात हंट्सव्हिलला राहतो. गंटर्सव्हिल तलाव इथून जवळ आहे. टेनेसी नदीवर १९३९ साली पूर्ण झालेल्या धरणामागे पसरलेला, जवळजवळ ६९,००० एकरांचा. माझं लहानपण हर्णै बंदराकाठी गेलं, त्यामुळे पाणी दिसलं की मला राहवत नाही. काही वर्षांपूर्वी मी १८ फुटी जुनी फायबरग्लासची वेगवान बोट घेतली. तिच्या मागे २.५ लिटरचं, २०० एचपीचं टू-स्ट्रोक व्ही-६ आउटबोर्ड इंजिन होतं. वेग अजून थोडा वाढावा म्हणून मी पुरता विचार न करता तिला १० इंची जॅकप्लेट, म्हणजे इंजिन बोटीपासून मागे नेणारी आणि वर-खाली करू देणारी चौकट, बसवून घेतली. शेजारच्या धक्क्यावरच्या बोटीला १० इंचाची होती, एवढंच माझं कारण.

दुसऱ्याच फेरीत, फुल थ्रॉटलला (पूर्ण जोर दिलेला असताना) तीन-चार मिनिटं गेल्यावर इंजिन तापल्याचा भोंगा वाजला. इंजिन थांबवेपर्यंत एका सिलिंडरला ओरखडे पडले होते. इंजिन उतरवलं तेव्हा दुसरी गोष्ट कळली. ज्या दुकानाने प्लेट बसवली होती, त्यांनी आतून साधे छोटे वायसर लावले होते आणि ते फायबरमध्ये रुतून बसले होते. बोल्टच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घातला तर आतलं प्लायवूड चहाच्या चोथ्यासारखं ओलं, काळं होऊन बाहेर आलं. त्या हिवाळ्यात इंजिनही खोललं आणि ट्रान्समही (बोटीची मागची फळी) नव्याने बांधला. त्यानंतर जे शिकलो, मोजलं, वहीत टिपलं, ते इथे लिहितो आहे. आता इथले मराठी मित्रही जुन्या बोटी घेऊ लागले आहेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती इंचाची घेऊ?" त्याचं उत्तर पाचव्या पायरीत आहे. आधीच्या चार पायऱ्या गाळून तिथे जाऊ नका.

हे सगळं एका इंजिनाच्या, व्ही आकाराच्या तळाच्या बोटीबद्दल आहे. टनेल हलच्या (तळाला मधे हवेचा बोगदा असलेल्या) बोटी हवेवर उचलल्या जातात, त्यांचा तोल वेगळा असतो. त्यांना हे आकडे लावू नका.

आधी शब्द समजून घ्या

बोटीच्या मागच्या उभ्या फळीला ट्रान्सम म्हणतात. आउटबोर्ड इंजिन तिलाच टांगलेलं असतं. सेटबॅक म्हणजे इंजिन त्या फळीपासून किती इंच मागे सरकवलं ते अंतर. सेटबॅक ब्रॅकेट इंजिन फक्त मागे नेतो, उंची एकदा ठरली की ठरली. जॅकप्लेट मागेही नेते आणि इंजिन वर-खालीही करता येतं. मॅन्युअल जॅकप्लेटमध्ये पान्याने बोल्ट फिरवून, हायड्रॉलिकमध्ये बटण दाबून.

मागे नेल्याने दोन गोष्टी होतात. वेगात धावणारी बोट पाणी दाबत जाते आणि ट्रान्सममागे ते पाणी पुन्हा वर चढतं. इंजिन मागे असेल तर प्रॉपला (इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याला) हे चढलेलं, कमी ढवळलेलं पाणी मिळतं. म्हणून इंजिन उंच बसवता येतं. लोअर युनिट (इंजिनाचा पाण्यात बुडणारा खालचा भाग) जितकं कमी बुडेल तितकं पाणी त्याला कमी अडवतं. दुसरी गोष्ट तरफेची. इंजिनाचं वजन आणि प्रॉपचा जोर आणखी मागून लागतो, त्यामुळे नाळ (बोटीचं पुढचं टोक) सहज उचलली जाते आणि तळाचा कमी भाग पाण्याला घासतो.

याची किंमतही तिथेच मोजावी लागते. बोटीचा मागचा भाग जास्त बसतो, जागेवरून उठून प्लेनवर, म्हणजे पाण्याच्या वर घसरत धावायच्या स्थितीत, यायला वेळ लागतो, आणि नाळ वर-खाली डुचमळायला लागू शकते. या डुचमळण्याला पोरपॉइजिंग म्हणतात. वजनाचा हिशेब करून पाहा. माझं इंजिन ४०० पौंडांच्या आसपास आहे. ते ६ इंच मागे नेलं की ट्रान्समवर ४०० × ६ = २४०० इंच-पौंड, म्हणजे २०० फूट-पौंड जास्तीचा पीळ येतो, तोही बोट नुसती उभी असताना. लाटेवर आपटली की त्याच्या कितीतरी पट.

काय काय जवळ लागेल

कागद: इंजिनाचं मॅन्युअल, बोटीवरच्या कपॅसिटी प्लेटचा फोटो (जास्तीत जास्त एचपी आणि वजन तिथे असतं), विम्याची पॉलिसी, जॅकप्लेटच्या कंपनीचा फिटिंगचा कागद, आणि एक वही. वही मी मुद्दाम लिहिली आहे. मोबाइलमध्ये टिपलेले आकडे ओल्या हातांनी सापडत नाहीत.

हत्यारं: टेप, ४ फुटी पाणसळ, एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी, टॉर्क पाना, इंजिनाचं वजन पेलणारी चेन पुली किंवा होइस्ट, अर्ध्या इंचाचे स्टेनलेस बोल्ट, नायलॉक नट, आतून लावायला ॲल्युमिनियमची जाड पट्टी, मरीन सीलंट, जीपीएस, आणि पाण्याच्या दाबाचं गेज.

१. पहिले पैसे गेजवर खर्च करा

जॅकप्लेटच्या आधी वॉटर प्रेशर गेज बसवा. माझ्याकडे ते असतं तर माझं सिलिंडर वाचलं असतं.

आउटबोर्ड इंजिन गार राहतं ते तलावाच्याच पाण्याने. लोअर युनिटच्या दोन्ही बाजूंना जाळीची भोकं असतात, तिथून पाणी आत ओढलं जातं. इंजिन वर नेलं की ती भोकं पृष्ठभागाजवळ येतात आणि पाण्याबरोबर हवा शिरते. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार बघून समाधान मानू नका. आयडलला (इंजिन नुसतं सावकाश चालू असताना) ती धार चांगली दिसते आणि फुल थ्रॉटलला तुम्ही मागे वळून बघत नसता. तापमानाचं गेज आणि भोंगा दोन्ही उशिरा सांगतात. दाब मात्र क्षणात पडलेला दिसतो.

आयडलला काटा जेमतेम हलतो, त्याने घाबरू नका. बघायचं ते वेगात असताना. आत्ता, काहीही बदलण्याआधी, फुल थ्रॉटलला किती दाब आहे तो लिहून ठेवा. माझ्या इंजिनाला जुन्या उंचीवर १८ पीएसआय मिळत होता आणि मी १२ ची लक्ष्मणरेषा आखून घेतली आहे. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, माझा उचलू नका.

२. ट्रान्समची नाडी तपासा

बोट ट्रेलरवर असताना इंजिन अर्धं वर टिल्ट करा. एकाने लोअर युनिटवर दोन्ही हातांनी वजन टाकून दाबायचं आणि सोडायचं, दुसऱ्याने ट्रान्समकडे डोळे लावून बसायचं. फळी वाकताना दिसली, स्प्लॅशवेलच्या (इंजिनासमोरच्या खोलगट जागेच्या) कोपऱ्यात चीर उघडमिट करताना दिसली किंवा करकर ऐकू आली, तर इथेच थांबा.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे हलकं ठोकत जा. चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा बद्द. शंका आली तर इंजिनाचा एक खालचा बोल्ट काढून भोकाच्या आत खरवडून बघा. कोरडा, पिवळसर भुसा आला तर ठीक. काळपट, ओला लगदा आला तर जॅकप्लेटचे पैसे ट्रान्समवर घाला. १९८०-९० च्या दशकातल्या बोटी स्वस्तात मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच आतून प्लायवूडच्या असतात. बोट विकत घेण्याच्या आधीच ही तपासणी केली तर उत्तम. विकणारा "अहो, ट्रान्सम एकदम भक्कम आहे" म्हणाला तरी करा.

३. स्टिअरिंगमधला ढिलेपणा काढा

एकाने इंजिन घट्ट धरायचं, दुसऱ्याने चाक डावी-उजवीकडे हलवायचं. चाक हलतंय आणि इंजिन हलत नाही, एवढा जो मोकळा भाग आहे तो ६० मैलांच्या वेगाला जिवावर बेतू शकतो.

कारण असं. नाळ उचलली की बोट तळाच्या मधोमध असलेल्या अरुंद सपाट पट्ट्यावर (पॅडवर) तोलून धावते. मग ती एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झुलायला लागते. याला चाइन वॉक म्हणतात. चालवणाऱ्याने प्रत्येक झोक्याला चाक किंचित उलट वळवून तो मारायचा असतो. चाकात ढिलाई असेल तर तुमची दुरुस्ती उशिरा पोहोचते आणि झोका वाढतच जातो. शिवाय इंजिन वर गेलं की प्रॉपच्या वरच्या आडव्या पात्याखालचं (अँटी-व्हेंटिलेशन प्लेटखालचं), चाकावरची ओढ कमी करणारं छोटं टॉर्क टॅब पाण्याबाहेर येतं आणि प्रॉपची ओढ थेट चाकावर येते. एका केबलच्या स्टिअरिंगवर हात भरून येतो.

म्हणून वेगवान बोटीला दोन केबलचं किंवा हायड्रॉलिक स्टिअरिंग हवंच. ते नसेल तर जॅकप्लेट पुढच्या वर्षी घ्या, स्टिअरिंग या वर्षी. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

४. आत्ताची उंची मोजा

सगळ्यांना वाटतं हे अवघड आहे. तासाभराचं काम आहे.

बोट ट्रेलरवर, सपाट काँक्रीटवर उभी करा. तळाच्या मधोमध, मागच्या चार-पाच फुटांचा जो सपाट पट्टा आहे तो पॅड. त्याला खालून पाणसळ लावा आणि ट्रेलरचा पुढचा जॅक फिरवत पॅड समतल करा. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधे आला पाहिजे, "साधारण मधे" चालत नाही. आता अँटी-व्हेंटिलेशन प्लेटवर, म्हणजे प्रॉपच्या वरच्या आडव्या पात्यावर, पाणसळ ठेवा आणि ट्रिमचं (इंजिनाचा कोन बदलणारं) बटण दाबत तीही समतल करा. प्रॉपचा शाफ्ट आता पॅडला समांतर झाला.

जमिनीपासून पॅडच्या मागच्या टोकापर्यंत मोजा. जमिनीपासून प्रॉप शाफ्टच्या मध्यापर्यंत मोजा. पहिल्यातून दुसरा वजा करा. माझ्याकडे २६.५ आणि २१.५ आले, म्हणजे शाफ्ट पॅडच्या ५ इंच खाली. या आकड्याला प्रॉप-टू-पॅड म्हणतात, आणि पुढचं सगळं याच्याभोवती फिरतं. जमिनीला उतार असेल तर वजाबाकी फसते. तेव्हा लांब पट्टी पॅडला धरून मागे इंजिनापर्यंत काढा आणि तिच्यापासून खाली मोजा.

बाजूच्या भोकांतून पाणी घेणाऱ्या साध्या लोअर युनिटला, पॅड असलेल्या व्ही बोटीवर, शेवटी ३ ते ३.५ इंच खाली ही जागा बहुतेकांना मानवते. त्याहून वर जायचं तर लोअर युनिटच्या पुढे बसवायचा, टोकाशी पाणी घेणारा टोकदार नोजकोन लागतो, कारण बाजूची भोकं उघडी पडतात. बोथट टोकाच्या साध्या गिअरकेसला (लोअर युनिटमधल्या गिअरच्या कवचाला) ७०-७५ मैलांच्या पुढे आणखी एक धोका असतो. तिच्या कडेने पाण्याची पकड अचानक सुटते आणि बोट एका बाजूला झटका खाते. याला ब्लोआउट म्हणतात. तुमची बोट त्या वेगाच्या जवळपास जात असेल तर नोजकोनचा खर्च आधी धरा.

याच दिवशी आणखी एक आकडा काढून ठेवा, प्रॉपचा स्लिप, म्हणजे प्रॉपची किती धाव पाण्यात वाया जाते ते. तलावावर जाऊन फुल थ्रॉटलला आरपीएम आणि जीपीएसवरचा वेग लिहा. मग आरपीएमला प्रॉपच्या पिचने (एका फेऱ्यात तो जितके इंच पुढे जायला हवा त्याने) गुणा, आणि आलेल्या आकड्याला गिअर रेशो (प्रॉपच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) गुणिले १०५६ ने भागा. माझं असं आलं:

५६०० × २४ ÷ (१.८७ × १०५६) = ६८ मैल.

हा पाणी लोण्यासारखं घट्ट असतं तर मिळाला असता तो वेग. प्रत्यक्षात जीपीएसवर ६० दिसत होते. म्हणजे जवळजवळ १२ टक्के वाया. जॅकप्लेटने खरंच काही दिलं की नुसतं तसं वाटतंय, हे या आकड्यावरून कळतं.

५. किती इंच?

आता हा प्रश्न विचारा.

हलक्या ॲल्युमिनियमच्या बोटी आणि छोट्या इंजिनांना ४ इंच पुष्कळ झाले. १७-१८ फुटी, पॅड असलेल्या फायबरच्या बोटींना बहुधा ५.५ ते ८. २० फुटी आणि त्यापुढच्या बास (मासेमारीच्या) बोटींवर ८ ते १० सर्रास दिसतात. १२ इंच ज्यांना लागतात त्यांना ते स्वतःला माहीत असतं.

पण हे कोष्टक मी शेवटी बघतो. आधी हे बघतो: इंजिन बंद असताना बोट धक्क्याला कशी बसते? दोन जाड मित्रांना मागच्या कोपऱ्यात उभं करा आणि स्प्लॅशवेलमध्ये पाणी किती चढतं ते पाहा. आत्ताच काठापर्यंत येत असेल तर इंजिन आणखी मागे नेणं धोक्याचं आहे. अचानक थ्रॉटल सोडला की मागची लाट आत येते. बोट आधीच डुचमळत असेल तर सेटबॅकने ते वाढण्याचीच शक्यता जास्त. नाळ मुळातच हलकी असेल, ट्रिम थोडं वर केलं की आकाश दिसत असेल, तर तुमच्या बोटीला उंचीची गरज आहे, सेटबॅकची नाही. कमीत कमी सेटबॅकची प्लेट घ्या.

वजन पुढे सरकवून थोडी भरपाई होते. मी दोन्ही बॅटऱ्या आणि ऑइलची टाकी मागून काढून कन्सोलखाली नेली. शंभरेक पौंड पुढे गेले आणि जागेवरून उठण्यातला सुस्तपणा बराच गेला.

दोन आकड्यांत मन अडकलं तर लहान घ्या. ६ वरून ८ वर गेल्याचा वेगातला फरक मला जीपीएसवरही नीट दाखवता आला नाही. ५ इंच खालून ३.५ वर आल्याचा फरक मात्र पहिल्याच फेरीत दिसला. म्हणूनच सांगतो, पैसे उंचीचे द्या, मागे जाण्याचे नाही.

६. मॅन्युअल की हायड्रॉलिक

पहिल्या बोटीला मॅन्युअल घ्या. हलकी असते, किंमत शेकड्यांत असते, बिघडण्यासारखं काही नसतं. एकदा योग्य उंची सापडली की तुम्ही तिला फारसं हात लावणार नाही. हायड्रॉलिकसाठी हजाराच्या पुढे डॉलर जातात, पंप आणि होजचं वजन मागे येतं, आणि कधीतरी गळती. उथळ पाण्यात जायचं असेल, एकदा एकटे आणि एकदा पाच जण घेऊन फिरत असाल, तर हायड्रॉलिकचा उपयोग खरा आहे. पण ते बटण गेजकडे न बघता दाबलं जातं. प्लेट वर असताना वळण घेतलं की प्रॉप हवा पकडतो आणि बोट वळणातच सुटते.

बॉब्ज मशीन शॉप, सीएमसी, डेटवायलर, टी-एच मरीनची ॲटलस ही नावं इथे नेहमी कानावर येतात. कुठलीही घ्या, पण ती तुमच्या इंजिनाच्या एचपीला आणि वजनाला चालते हे कंपनीच्या कागदावर वाचून घ्या.

वापरलेली घेत असाल तर ऊन पडलेल्या जागी नेऊन बघा. कोपऱ्यांत आणि वेल्डवर केसासारख्या चिरा, लंबगोल झालेली भोकं, वाकलेला उचलायचा बोल्ट, स्टेनलेस बोल्टभोवती पांढरी पूड. यातलं एकही दिसलं तर परत द्या. सरकणारे भाग हाताने हलवून बघा. तिथला ढिलेपणा मागे सांगितलेल्या चाकाच्या ढिलेपणासारखाच घातक.

७. बसवणं

बॅटरीची वायर आधी काढा. इंजिन मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या लिफ्टिंग आयलाच टांगा, काउलच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) कडेला नाही. टांगलेल्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं काहीही नको.

बहुतेक जॅकप्लेट इंजिनाच्याच भोकांवर बसतात. जुनी भोकं जुळत नसतील तर ती इपॉक्सीने भरून नवीन पाडा, जुन्याला खेटून पाडू नका. भोक पाडताना वरचा चकचकीत जेलकोट तडकतो. त्यासाठी ड्रिल आधी उलटं फिरवून जेलकोट कापा, मग सरळ. भोकाची बाहेरची कड किंचित तासा, म्हणजे बोल्ट आवळल्यावर चीर जात नाही. आतल्या लाकडाला इपॉक्सी लावून वाळू द्या. मी नवीन ट्रान्समला भोकं मोठी पाडली, इपॉक्सीने भरली आणि त्यातून पुन्हा अर्ध्या इंचाची पाडली. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही.

सीलंट बोल्टच्या मानेला, भोकात आणि वायसरखाली लावा. थ्री-एमचं ४२०० लावलं तर पुढे काढता येतं. ५२०० लावलं तर प्लेटबरोबर फायबरही उचलून येईल. स्टेनलेसचे आटे कोरडे आवळले तर एकमेकांत वितळल्यासारखे अडकतात, म्हणून अँटीसीझ लावा. आतून सुटे वायसर नको, दोन्ही बोल्टना जोडणारी जाड पट्टी द्या. टॉर्क कंपनीच्या कागदाप्रमाणे.

इंजिन परत चढवताना सुरुवात खालून करा. शाफ्ट पॅडच्या ४ ते ४.५ इंच खाली. दर १० ते १२ इंच सेटबॅकला १ इंच वर, असा एक ठोकताळा सगळे सांगतात. अंदाजापुरता ठीक आहे, शेवटी तुमचं गेज खरं.

शेवटी इंजिन पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पूर्ण वर टिल्ट करून बघा. स्टिअरिंग केबल, फ्युएल लाइन, वायरिंगचा जाड जुडगा सगळं तेवढंच मागे खेचलं गेलेलं असतं. माझी फ्युएल लाइन उजव्या वळणाला तारेसारखी ताणली जात होती. तलावावर कळलं असतं तर महागात पडलं असतं.

८. तलावावर

वारा पडलेली सकाळ निवडा. अर्धी टाकी, तोच माणूस, तीच जागा. लाइफ जॅकेट घाला आणि किल स्विचची (तुम्ही पडलात तर इंजिन बंद करणारी) दोरी अंगाला अडकवा. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींवर, प्लेनवर असताना ती अडकवणं अमेरिकेत कायद्यानेच बंधनकारक आहे. अलाबामात बोट चालवायला ड्रायव्हिंग लायसन्सवर वेगळी नोंदही लागते, पहिल्यांदाच बोट घेतली असेल तर ती आधी करा.

एका वेळी एकच बदल. अर्धा इंच वर, फेरी, वहीत चार आकडे: आरपीएम, वेग, दाब, ट्रिम. ३.५ इंचाच्या जवळ आलात की पाव-पाव इंच.

वेग वाढतोय, दाब टिकून आहे, तोवर वर जा. आरपीएम वाढला आणि वेग वाढला नाही, तर प्रॉप हवा खातोय. वळणात इंजिन किंचाळायला लागलं, जागेवरून उठताना प्रॉप नुसताच फिरला, दाब खाली गेला, यातलं काहीही झालं की अर्धा इंच खाली या आणि तिथेच थांबा. ॲल्युमिनियमचा प्रॉप या उंचीवर पकड धरत नाही. कप असलेला (पात्यांची कड वळवलेला), नाळ उचलणारा स्टेनलेसचा प्रॉप आधीच लावलेला असावा, नाहीतर प्रॉपचा दोष प्लेटच्या माथी मारला जातो.

चाइन वॉक सुरू झाला तर थ्रॉटल झटकन सोडू नका. नाळ आपटते आणि बोट एका बाजूला गिरकी घेते. ट्रिम किंचित खाली, थ्रॉटल सावकाश कमी, चाक सरळ.

माझी बोट ६ इंच सेटबॅकवर, शाफ्ट ३.२५ इंच खाली असताना स्थिरावली. त्याच २४ पिचच्या प्रॉपवर ५८०० आरपीएमला ६५ मैल, दाब १५. स्लिप १२ वरून ८ टक्क्यांच्या खाली आला. त्याच्या वर पाव इंच नेलं तेव्हा अर्धा मैल जास्त मिळाला आणि दाब ११ वर आला. लगेच परत खाली आणलं.

९. घरी आल्यावर

ट्रेलरवर इंजिन आता रस्त्याकडे जास्त मागे लोंबतं. जुना ट्रान्समसेव्हर, म्हणजे इंजिनाला टेकू देणारा दांडा, बहुतेक आखूड पडतो. चढावावर स्केग (लोअर युनिटच्या खालचं पातं) रस्त्याला लागत नाही ना ते पाहा. वजन मागे गेल्यामुळे ट्रेलरची पुढची जीभही हलकी होते आणि हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. गरज पडली तर बोट ट्रेलरवर पुढे सरकवून घ्या.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि प्लेटचं बिल, बसवतानाचे फोटो पॉलिसीबरोबर ठेवा.

पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. नवीन सीलंट दबतं, बोल्ट पाव वळसा घेतातच. मग महिन्याने एकदा, आणि त्यानंतर हंगामात दोनदा. मी प्रत्येक नटावर आणि पट्टीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली आहे. बोट पाण्यात सोडण्याआधी टॉर्च मारून बघतो. रेघ तुटलेली दिसली की त्या दिवशी आधी पाना काढायचा.